पिवळी गिटार आणि कवळ्यांची खोली

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, काम गिटार नीट करून देणं, घरात आणि गल्लीत ‘खुडबुड’ या नावाने ओळखली जाणारी, आज रविवारी सकाळी, पोटभर नाश्ता करून, माझ्या स्वतःच्या डोक्याने हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. कोणी मागे लागलेलं नाही. आत्या लागली होती, पण ती सगळ्यांच्याच मागे लागते, त्याला दबाव म्हणत नाहीत. डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल जिजूंचं मत वेगळं आहे, त्यांचा समाचार कलम सहामध्ये घेतला आहे.

मला काहीही झालेलं नाही. हे आधीच लिहिते, कारण बाहेरच्या कोणी वाचलं तर त्याला उगाच वाईट वाटेल. आमच्या घरात मृत्युपत्र लिहायला मरणाची वाट बघत नाहीत. आजोबा काही न लिहिता गेले आणि मागे एक लोखंडी कपाट ठेवून गेले. त्या कपाटावरून बाबा आणि काका इतकी वर्षं बोलत नव्हते, की शेवटी बोलले तोवर कपाटाचा तळ गंजून गेला होता आणि ते दोघांनाही नको होतं. तेव्हा आत्याने नियम केला. आत्या कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसते, तिचे नियम वकीलसुद्धा मोडत नाहीत. नियम असा: घरात जो कमवायला लागेल त्याने मृत्युपत्र लिहायचं, सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचायचं, आणि आयुष्यात काही मोठं बदललं की नवं लिहायचं. वाचन चालू असताना कोणीही मध्ये बोलायचं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, वाढवायचं असेल तर खाली वाढवायचं. आणि ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार व्हायचं नाही.

आई या नियमाचा पुरेपूर फायदा घेते. तिचा मिक्सर माझ्याकडून ताईकडे आणि ताईकडून माझ्याकडे इतक्या वेळा गेलाय की त्याला आता गाडीचा पास काढून द्यायला हवा.

बाबा मात्र आमच्या घरातले कायमचे साक्षीदार. ताईचं मृत्युपत्र, आईची सगळी मृत्युपत्रं, आत्याचं, काकांचं, सगळ्यांवर पहिली सही बाबांची. “मला काय करायचंय कोणाचं काय घेऊन? मला साक्षीदारात टाका,” असं ते म्हणतात, खिशातून पेन काढतात आणि एका दमात सही करतात. त्यामुळे बाबांना कोणी कधी काही ठेवलेलं नाही. मीही ठेवणार नाही. त्यांच्यासारखा साक्षीदार दुसरा कुठून आणू?

आता हे नवं मृत्युपत्र कशासाठी, तर आयुष्यात मोठं बदललं आहे. मी वाद्यांच्या दुकानातली नोकरी सोडली आहे, या महिन्याअखेरीस शेवटचा दिवस. आणि आज संध्याकाळी कुरिअरवाले आमच्या रस्त्याकडच्या खोलीच्या भाडेकरारावर सही करायला येणार आहेत. ती खोली मला हवी आहे. महिनाभर मी हे बोलतेय आणि महिनाभर बाबा वाक्याच्या मध्येच उठून चष्मा शोधायला जातात. आज ते उठू शकणार नाहीत. नियम आहे.

कलम १. पहिल्या पगाराला केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातली सायकल चोरीला गेली आणि चार्जर जळला, त्यामुळे तसंही कोणाचं नुकसान नाही.

कलम २. माझी मालमत्ता म्हणजे तीन इलेक्ट्रिक गिटार, एक अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आणि अवजारं. तिन्ही गिटार स्वस्तातल्या आहेत. हे मी मान खाली घालून लिहीत नाही, छाती फुगवून लिहिते.

दुकानात चार वर्षं मी एकच गोष्ट बघितली. दार ढकलून कोणीतरी आत येतं, भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या रांगेकडे बघतं, किंमत वाचतं आणि चेहरा पडतो. मग आमचे मालक म्हणतात, “अहो, एकदाच घ्यायची तर चांगली घ्या.” आणि ते माणूस ‘विचार करून येतो’ म्हणून जातं ते जातंच. खालच्या रांगेतल्या गिटारकडे ते बघतही नाही, कारण कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं की ती खेळणी आहेत.

ती खेळणी नाहीत! हे मी इथे कायदेशीर कागदावर लिहून ठेवते. महागड्या गिटारचं आणि स्वस्त गिटारचं लाकूड आता सारख्याच मशीनवर कापलं जातं. वरच्या किमतीत नाव असतं, चकाकी असते, मखमलीचा डबा असतो, आणि एक खरी गोष्ट असते: शेवटचा हात. महाग गिटारवर कोणीतरी शेवटी बसून हात फिरवलेला असतो. स्वस्त गिटार तशीच खोक्यात जाते. म्हणून तिच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना आम्ही फ्रेट म्हणतो, त्यांची टोकं बोटाला ओरखडतात. तारा पट्ट्यांपासून इतक्या उंच असतात की दाबताना नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. मान थोडी वाकलेली असते. हे सगळं एका दुपारी नीट होतं. कानस, छोटी किल्ली, नव्या तारा आणि धीर. बस.

खोक्यातून निघालेली गिटार वाईट नसते, अर्धवट असते. माझा धंदा म्हणजे ते उरलेलं अर्धं.

कलम ३. काळी गिटार ताईला. ताईला गिटार येत नाही आणि तिला शिकायचीही नाही, पण काळी तिच्या काळ्या ड्रेसवर शोभून दिसते आणि फोटोत ताई खरंच वाजवतेय असं वाटतं. काळी आधी खूप गुणगुणायची, तार न छेडता. बल्ब लावला की गुणगुण, पंखा लावला की गुणगुण. मी तिच्या पोटात आतून तांब्याची चिकटपट्टी लावली आणि ती गप्प झाली. ताईलाही अशी पट्टी लावता आली असती तर, असं जिजू म्हणाले होते. हे मी ताईला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

कलम ४. बिनरंगी, म्हणजे जी मी सुट्या भागांतून स्वतः जोडली आणि रंगवायची राहून गेली, ती नर्सबाईंना. त्या माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. दुकानात आल्या होत्या त्या गिटार परत करायला. “पैसे नकोत, नुसती घेऊन जा ही,” म्हणाल्या, “वाजवायला घेतली की बोटं सोलवटून निघतात. हॉस्पिटलमध्ये दिवसभर लोकांना मलमपट्टी करते, घरी येऊन स्वतःला करते.”

मी म्हटलं, “एक दिवस माझ्याकडे ठेवा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मांडीवर घेतली, एक सूर धरला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. “ही माझी नाही. तुम्ही बदलून दिली.”

“तुमचीच आहे. मागे तुमच्या मुलाने चिकटवलेलं स्टिकर बघा.”

त्यांनी उलटी करून बघितली. मग परत वाजवली. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस चूक माझी नव्हती?”

हे वाक्य ऐकलं आणि मी नोकरी सोडायचं ठरवलं. इतकंच कारण आहे. आई, तू दुसरं कुठलंतरी कारण शोधत होतीस, ते नाही.

कलम ५. अवजारं. किल्ल्या, पक्कड, तारा कापायची कात्री आणि माप घ्यायची पट्टी हे ज्याला लागेल त्याने न्यावं, भांडू नये. कानशी मी कोणाला देऊ शकत नाही, कारण त्या बाबांच्या आहेत.

इथे बाबांचं काम सांगायला हवं. बाबा कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि बाबा रस्त्याकडच्या खोलीत बसून त्या मापाचे दात करून देतात. शेल्फवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, टेबलावर गुलाबी मेण, खिडकीपाशी पॉलिशची मोटर आणि तिच्यासमोर बाबांची फिरती खुर्ची. लहानपणी माझ्या मैत्रिणी घरी यायला घाबरायच्या, कारण आमच्याकडे शेल्फ हसायचं. आता डॉक्टर माप कॉम्प्युटरवर पाठवतात, दात दुसरीकडे मशीनवर होतात. बाबांनी नवीन काम घेणं बंद केलं आणि खोली भाड्याने द्यायची ठरवली.

पण गिटार नीट करायला मी शिकले ते त्याच खोलीत. दुकानातले कारागीर गिटारच्या कानशी वापरतात. मी कवळीच्या वापरते, त्या बारीक असतात आणि कोपऱ्यात शिरतात. आणि निळा कागद. कवळी तोंडात कुठे जास्त टेकते हे बघायला बाबा दातांमध्ये निळा कागद धरायचे, उंच दातावर निळा डाग पडायचा, तेवढाच घासायचा. मी तोच कागद फ्रेटवर ठेवून वरून सरळ पट्टी फिरवते. जी फ्रेट उंच ती निळी. दुकानात हे कळल्यावर सगळे हसले होते. मग त्यातल्या दोघांनी माझ्याकडून गुपचूप कागद मागून नेला.

कलम ६. जिजू. जिजूंकडे एक गिटार आहे. तिची किंमत मी इथे लिहीत नाही, ताईला अजून खरी माहीत नाही. ती मखमली डब्यात, डबा कापडी पिशवीत आणि पिशवी पलंगाखाली असते. जिजू तिला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात आणि माझ्या पिवळीला ‘प्लायवूड’.

मागच्या सुट्टीत पैज लागली. जिजू भिंतीकडे तोंड करून बसले. मी आधी एक वाजवली, मग दुसरी, दोन्ही माझ्याच अँपवर. जिजू डोळे मिटून म्हणाले, “दुसरी. नो डाउट. क्लास आहे क्लास! पैसे बोलतात.”

दुसरी पिवळी होती. तेव्हा ते म्हणाले की अँप खराब आहे.

तर माझ्या पश्चात जिजूंना माझा अँप मिळावा. तो खराब नाही हे त्यांना रोज कळत राहावं.

कलम ७. आता पिवळी, आणि तिच्यासोबत एक हिशेब.

पिवळी माझी पहिली गिटार. एका माणसाच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून त्याने विकली, बऱ्यापैकी बुटांच्या किमतीत. रंग लिंबाच्या सालीसारखा, एका कोपऱ्यात उडालेला. तिची मान मी सरळ केली, फ्रेट घासल्या, बाबांच्या खोलीतल्या मोटरवर त्यांना पॉलिश केलं. ती आता इतकी मऊ वाजते की बोट ठेवलं की सूर आपणहून वर येतो. ती कवळ्यांच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्याला असते.

हिशेब असा. कोणीतरी पिवळीच्या तारा सैल करतं. सकाळी मी सुरात लावून दुकानात जाते, संध्याकाळी येते तर सगळ्या तारा कपडे वाळत घालायच्या सैल दोरीसारख्या लोंबतात. आधी वाटलं हवेमुळे. हवा सहाही खुंट्या इतक्या व्यवस्थित फिरवत नाही. मग मला जिजूंवर संशय आला, पण जिजू नसतानाही हे होतं. आईला विचारलं तर म्हणाली, “मी कशाला हात लावू, मला ती कवळ्यांपेक्षा जास्त घाबरवते.”

जो कोणी हे करतो त्याला माझ्या मालमत्तेतली एक तारही मिळू नये. सापडला तर त्याने सहाही तारा माझ्यासमोर परत लावाव्यात.

आणि पिवळी मी खोलीला देते. कवळ्यांच्या खोलीला, खिडकीशेजारच्या त्याच खिळ्याला. तिथून तिला कोणी हलवू नये.

कलम ८. हे बाबांसाठी. तुम्हाला काही मिळत नाहीये, तेव्हा हे देणंघेणं नाही, फक्त ऐका.

बाबा, तुम्ही म्हणता, स्वस्तातल्या वस्तूवर एवढी मेहनत कशाला करायची. पण तुमच्याकडे माणसं यायची ती कुठे श्रीमंत असायची? साच्यातून निघालेली कवळी पहिल्या दिवशी सगळ्यांनाच टोचायची. तुम्ही कधी कोणाला म्हणालात का, की याहून महागाचे दात घ्या? तुम्ही निळा कागद घ्यायचात, “चावा बघू” म्हणायचात, थोडं घासायचात, परत “चावा” म्हणायचात. आणि मग एखादे म्हातारे आजोबा तिथेच खुर्चीत बसून बिस्किट खायचे आणि रडायचे की हसायचे तेच कळायचं नाही. मी दारात उभी राहून बघितलंय. मला तेच करायचंय. माझी गिऱ्हाईकं बिस्किटाऐवजी सूर खातील.

खोली मला द्या. भाडं मी कुरिअरवाल्यांइतकंच देईन, घरची म्हणून सूट नको. तुमची पॉलिशची मोटर जिथे आहे तिथेच राहील, ती मलाही लागते. खुर्ची राहील. साचे शेल्फवर राहतील, लोक स्वस्त गिटारला हसायच्या आधी ते हसतील. माझ्याकडे आधीच रांग आहे: नर्सबाई त्यांच्या दोन मैत्रिणींना पाठवतायत, एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, आणि दुकानाचे मालक स्वतः म्हणालेत की परत आलेल्या गिटार तुझ्याकडेच पाठवतो, माझ्या डोळ्यांसमोरून तरी जातील.

कलम ९. मी गेल्यावर कोणी रडकं काही वाजवू नये. जे वाजवायचं ते मोठ्याने आणि सुरात. अँप जिजूंकडे असेल, त्यांच्याकडून आणावा.

इथे माझं सकाळचं लिखाण संपलं. यापुढचं वाचन झाल्यावर, तिथेच टेबलावर, आत्याच्या देखरेखीखाली लिहिलं.

वाचनाला आई, बाबा, आत्या, ताई, जिजू आणि दुसरे साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर हजर होते. बाबा इतकी वर्षं त्यांच्याच दवाखान्याच्या कवळ्या करत आले. कलम तीनला ताईने जिजूंच्या पायावर पाय दिला, पण बोलली नाही. कलम आठला बाबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. उठले नाहीत.

मी खाली बसल्याबरोबर आत्या म्हणाली, “खोलीला काही देता येत नाही. खिळ्याला तर नाहीच. माणूस सांग.”

“माणूस नाही सापडला.”

“मी घेतो की,” जिजू म्हणाले.

“तुम्ही आधी पलंगाखालची बाहेर काढा,” ताई म्हणाली. “आणि तिची खरी किंमतही.”

तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाले लवकर आले होते, काखेत फाइल, हातात पेन. आईने त्यांना बसवलं, चहा ठेवला. त्यांनी टेबलावरच्या कागदाचं शीर्षक वाचलं आणि एकदम आवाज खाली आणला.

“कोण गेलं?”

“कोणी नाही हो,” आई म्हणाली. “ही जाणार आहे. पण आत्ता नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची जरा लांब सरकवली.

“पिवळी कोणाला ते मागाहून बघू,” आत्या म्हणाली. “दादा, तू आधी सही करून टाक. तुझं नेहमीचं काम.”

बाबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. कागदाकडे बघितलं. टोपण परत लावलं.

“मी सही करणार नाही.”

मला वाटलं, संपलं, खोली गेली. आई म्हणाली, “अहो, पोरीने मनातलं लिहिलं तर त्याचा राग सहीवर कशाला काढताय?”

“राग कसला?” बाबांनी आत्याकडे बघितलं. “साक्षीदाराला काही मिळत नाही, हाच नियम ना गं तुझा?”

“हाच,” आत्या म्हणाली.

“मग मी साक्षीदार नाही. मला पिवळी हवी.”

वाचनात गप्प बसायचा नियम आमच्या घरात इतका चोख कधीच पाळला गेला नव्हता, आणि वाचन तर संपलं होतं.

“तुम्हाला?” मी म्हटलं. “कशाला?”

“वाजवायला. आणखी कशाला असते?” बाबा चष्म्याकडे बघत म्हणाले. “दुपारी तू दुकानात असतेस. खोलीत काम नसतं. हातांना सवय आहे काहीतरी करायची.”

“अगं बाई,” आई म्हणाली, “मला वाटायचं शेजाऱ्यांचा रेडिओ बिघडलाय!”

“म्हणजे तारा...” मी म्हटलं.

“मीच सैल करतो. मग काय ताणूनच ठेवायच्या चोवीस तास? इतक्या लोकांना सांगत आलो, कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना आराम लागतो. हिची एवढीशी मान. हिला नको आराम?”

“बाबा, गिटारला आराम लागत नाही! तारांचा ताण असतो म्हणूनच मान नीट राहते.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“सगळ्यांना माहीत असतं.”

“तसं कवळीचंही सगळ्यांना माहीत असतं. तरी हिरड्या सुजवून येतातच ना? विचार डॉक्टरांना.”

डॉक्टरांनी मान हलवली. ती कोणाच्या बाजूने हलवली ते कळलं नाही.

“म्हणजे माझी कोणी माफी मागणार आहे का?” जिजूंनी विचारलं. कोणी मागितली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. “मोटर जागेवर राहील, असं वाचलंस ते खरं?”

“लिहिलंय. खोडता येत नाही.”

“खुर्ची?”

“तीही.”

“मला वाटलं होतं तुला नुसती खोली हवीय,” बाबा म्हणाले. “रिकामी करून. रिकामीच करायची तर कुरिअर काय आणि गिटार काय.” मग ते कुरिअरवाल्यांकडे वळले. “तुमची गैरसोय होतेय, मला कळतंय. पण पिवळी त्या खिळ्यावरून हलवायची नाही असं हिने लिहिलंय, आणि पिवळी आता माझी आहे. मला रोज दुपारी यावं लागणार.”

“पार्सलांच्या ढिगात तुम्ही वाजवत बसणार?”

“तेच म्हणतोय मी.”

कुरिअरवाले डॉक्टरांकडे बघायला लागले, बहुतेक वैद्यकीय सल्ल्यासाठी. डॉक्टर म्हणाले, “माझ्या दवाखान्याच्या मागची खोली रिकामी पडलीय. ट्रक थेट दारापर्यंत येतो.” कुरिअरवाल्यांचा चेहरा असा उजळला की आमची खोली त्यांना मुळात आवडलीच नव्हती असं मला वाटायला लागलं. “खरं सांगू?” ते म्हणाले. “ते साचे बघून माझी माणसं नाहीच म्हणत होती.”

म्हणून पुढची कलमं वाढवत आहे.

कलम १०. पिवळी बाबांना.

हे लिहिताना आत्याने मला थांबवलं. “दादा, जरा डोकं चालव. तू तिच्याहून किती मोठा. ती जाईपर्यंत तू थांबणार आहेस का? तुला गिटार मिळणार कधी?”

“मग आत्ताच दे म्हणावं.”

“दिली!” मी म्हटलं.

“आत्ता दिलीस तर ती मृत्युपत्रात घालायची गरज नाही,” आत्या म्हणाली. “म्हणजे दादाला त्यातून काही मिळत नाही. म्हणजे तो साक्षीदार होऊ शकतो. घे, कर सही.”

बाबांनी हात मागे घेतला. “नको. राहू दे तिथे माझं नाव. एवढ्या लोकांच्या कागदांवर सह्या केल्या, एकदा तरी मिळणाऱ्यांत येऊ दे.”

आत्याने कागद परत माझ्याकडे सरकवला. आईने बाबांच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला. मी लिहिलं ते तसंच आहे: पिवळी बाबांना. आत्तापासून, आणि पुढेही.

कलम ११. रस्त्याकडची खोली बाबांची आहे आणि बाबांचीच राहील. तिचा वापर मी भाडं देऊन करेन. पाटीवर काय लिहायचं यावर अजून एकमत नाही. ताईचं म्हणणं ‘दात आणि तारा’. बाबांचं म्हणणं, पाटी कशाला, लोकांना खोली माहीत आहे. यावर घरात पुढची काही वर्षं चर्चा होईल अशी आशा आहे.

कलम १२. कलम सातमधला हिशेब मिटला. गुन्हेगाराने सहाही तारा माझ्यासमोर लावून दाखवल्या. लावता लावता त्याने जे वाजवलं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मोटरवर पॉलिश करताना तो शीळ घालायचा, तीच चाल, एकाच तारेवर, मध्ये मध्ये अडखळत. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि पुढची ओळ तिने गुणगुणली. मी बिनरंगी काढली आणि मागून साथ दिली. जिजू म्हणाले, “प्लायवूड असून काय आवाज आहे!” हे त्यांचं वाक्य मी साक्षीदारांसमोर इथे नोंदवून ठेवते.

कलम १३. या मृत्युपत्राची व्यवस्था आत्याने बघावी. तिच्या आधी मी गेले तर. आणि ती आधी गेली तर तिने तिची टायपिंगची खुर्ची कोणाला ठेवलीय ते आम्हाला माहीत आहेच, ते तिच्या कलम चारमध्ये आहे.

एवढं मी समजून, हसत, सगळ्यांदेखत लिहिलं आणि वाचलं.

सही: खुडबुड

साक्षीदार पहिले: ~~बाबा~~
वरचं नाव मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतः खोडलं. खोडायचं नाही हा नियम आत्याने एवढ्यापुरता सैल केला. त्यांच्या जागी कुरिअरवाले. “यातून मला काय मिळणार?” असं त्यांनी विचारलं, आत्या म्हणाली “काहीच नाही,” तेव्हा त्यांनी करारासाठी आणलेल्या पेनानेच सही केली.

साक्षीदार दुसरे: दातांचे डॉक्टर

ठिकाण: कवळ्यांची खोली, खिडकीजवळचं टेबल

दिनांक: मार्च महिन्यातला दुसरा रविवार, दिवेलागणीच्या आधी

त्याखाली, बाबांच्या अक्षरात: मिळाली. वाजवून परत खिळ्याला लावली आहे. तारा सैल केल्या आहेत. थोड्याच.